पल्स पोलिओ लसीकरण मोहीम

पल्स पोलिओ लसीकरण मोहीम ही पोलिओ या रोगाच्या निर्मूलनासाठी भारत सरकारने इ.स. १९९५ पासून राबवलेली देशव्यापी सार्वजनिक आरोग्य मोहीम आहे. पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाला, त्याचे नियमित लसीकरण झालेले असो वा नसो, ठरावीक दिवशी तोंडावाटे पोलिओ लसीचे दोन थेंब देणे हे या मोहिमेचे मुख्य काम होय. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी इंटरनॅशनल यांच्या सहकार्याने ही मोहीम चालवली गेली. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित करण्यात आले.

लस देणे आणि लोकशिक्षण ही या मोहिमेची दोन अंगे होती. मोहिमेच्या पहिल्या दशकात लसीचा पुरवठा बहुतांश ठिकाणी होत होता, तरीही उत्तर प्रदेश आणि बिहारच्या काही भागांत रोग टिकून राहिला. लस नाकारणाऱ्या किंवा मोहिमेतून सुटून जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी जी संवादाची आणि नोंदीची पद्धत उभी राहिली, ती पुढे इतर आरोग्य कार्यक्रमांसाठीही वापरली गेली.

पार्श्वभूमी

पोलिओ हा विषाणूजन्य रोग असून तो मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू दूषित पाणी, अन्न किंवा हातांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक संसर्गांत कोणतीही ठळक लक्षणे दिसत नाहीत. सुमारे दोनशे संसर्गांमागे एका बालकाला कायमचा लुळेपणा येतो. लुळेपणा आलेल्यांपैकी पाच ते दहा टक्के बालके श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यामुळे दगावतात. रोगावर उपचार नाही. लसीकरण हाच प्रतिबंधाचा मार्ग आहे. एक लुळे झालेले मूल दिसते तेव्हा आसपास शेकडो मुलांना संसर्ग होऊन गेलेला असतो. त्यामुळे केवळ रुग्ण शोधून त्यांच्याभोवती लसीकरण केल्याने विषाणूचा प्रसार थांबत नाही.

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर लवकरच त्यात तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीचा समावेश झाला. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू करण्यात आला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पोलिओच्या जागतिक निर्मूलनाचा ठराव संमत केला. त्या वेळी सुमारे १२५ देशांत रोगाचा प्रसार होता आणि दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुले लुळी होत होती. यांपैकी मोठा वाटा भारताचा होता.

'पल्स' ही संकल्पना

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीत पोलिओचा जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. नियमित लसीकरणात मुलांना त्यांच्या वयानुसार वेगवेगळ्या दिवशी लस मिळते. त्यामुळे वस्तीत कोणत्याही क्षणी काही मुले असुरक्षित राहतात आणि नैसर्गिक विषाणूला आसरा मिळतो. एका भागातील सर्व बालकांना एकाच वेळी लस दिली, तर त्यांच्या आतड्यांत लसीचा विषाणू जागा घेतो आणि नैसर्गिक विषाणूला वाढायला जागा उरत नाही. अल्प काळात सर्वांना एकदम लस देण्याच्या या पद्धतीस 'पल्स' असे म्हणतात. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांनी १९८० च्या दशकात भारतात या पद्धतीचा पुरस्कार केला. भारतात पावसाळ्यात आणि त्यानंतर विषाणूचा प्रसार वाढतो, म्हणून राष्ट्रीय फेऱ्या प्रामुख्याने हिवाळ्यात ठेवल्या गेल्या.

सुरुवात

२ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्ली सरकारने तीन वर्षांखालील मुलांसाठी पल्स पोलिओ मोहीम घेतली. हर्ष वर्धन हे त्या वेळी दिल्लीचे आरोग्यमंत्री होते. या अनुभवानंतर डिसेंबर १९९५ आणि जानेवारी १९९६ मध्ये देशभर पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. प्रारंभी तीन वर्षांखालील मुलांना लस दिली गेली. पुढील वर्षी वयोमर्यादा पाच वर्षे करण्यात आली. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना लस दिली जाई आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक कर्मचारी व स्वयंसेवक काम करीत.

बूथपासून घरापर्यंत

आरंभीच्या वर्षांत पालकांनी मुलांना लसीकरण केंद्रावर, म्हणजे बूथवर, आणणे अपेक्षित होते. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत कार्यालय, मंदिर, मशीद, बसस्थानक अशा ठिकाणी बूथ उभारले जात. जी कुटुंबे बूथवर येत नव्हती, तीच वर्षानुवर्षे सुटत होती, हे लवकरच लक्षात आले. १९९९-२००० पासून बूथच्या दिवसानंतर घरोघरी जाऊन लस देण्याची पद्धत सुरू झाली.

या पद्धतीत प्रत्येक गावाचा वा वस्तीचा सूक्ष्म आराखडा तयार केला जातो. कोणते पथक कोणत्या दिवशी कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत जाईल, हे त्यात नोंदलेले असते. लस घेतलेल्या मुलाच्या डाव्या हाताच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली जाते. घरातील सर्व मुलांना लस मिळाली असल्यास दारावर 'पी' आणि एखादे मूल राहिले असल्यास 'एक्स' असे खडूने लिहिले जाते. 'एक्स' घरांचे पुढे कारणानुसार वर्गीकरण होते: मूल गावाला गेले आहे, घराला कुलूप आहे, मूल आजारी आहे किंवा कुटुंबाने नकार दिला आहे. राहिलेल्या घरांना दुसरे पथक पुन्हा भेट देते. नवजात, झोपलेली, आजारी आणि पाहुणी म्हणून आलेली मुले सर्वाधिक सुटतात, असे आढळल्यामुळे त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे विचारण्याची सूचना पथकांना दिली गेली.

या वर्गीकरणामुळे 'लस न मिळालेली मुले' हा एकच गट राहिला नाही. कुलूप असलेल्या घरासाठी पुन्हा भेट पुरेशी होती, गावाला गेलेल्या मुलासाठी दुसऱ्या गावाशी संपर्क आवश्यक होता आणि नकारासाठी संवादाची गरज होती.

लोकशिक्षण आणि जनसंवाद

प्रसारमाध्यमे

दूरदर्शन, आकाशवाणी, वृत्तपत्रे, भित्तिपत्रके, भिंतीवरील घोषवाक्ये आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या रिक्षा यांद्वारे लसीकरणाच्या दिवसाची माहिती दिली जात असे. 'दो बूँद जिंदगी की' हे मोहिमेचे हिंदी घोषवाक्य देशभर परिचित झाले. अभिनेते अमिताभ बच्चन यांनी मोहिमेच्या जाहिरातींत काम केले. लसीकरणाची फेरी बहुधा रविवारी सुरू होत असल्याने 'पोलिओ रविवार' हा शब्दप्रयोग रूढ झाला. जाहिरातींमुळे तारीख आणि ठिकाण घरोघर कळले. मात्र ज्या कुटुंबांचा लसीवर किंवा ती देणाऱ्या यंत्रणेवर विश्वास नव्हता, त्यांच्यावर जाहिरातींचा परिणाम मर्यादित राहिला.

नकाराची कारणे

२००१ मध्ये देशात पोलिओचे २६८ रुग्ण आढळले होते. त्यानंतर फेऱ्यांची संख्या कमी झाली आणि २००२ मध्ये रुग्णांची संख्या १,६०० वर गेली. त्यांतील १,२४२ रुग्ण एकट्या उत्तर प्रदेशातील होते. बाधित मुलांत मुस्लिम वस्त्यांतील मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा बरेच अधिक होते.

लसीमुळे मुले पुढे वंध्य होतात आणि मोहीम हा कुटुंबनियोजनाचा छुपा कार्यक्रम आहे, अशी अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात पसरली होती. आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीची आठवण लोकांत ताजी असल्याने तिला बळ मिळाले. याशिवाय एक व्यावहारिक प्रश्न वारंवार विचारला जाई. ज्या वस्तीत ताप वा अतिसारासाठी औषध मिळत नाही, गटारे तुंबलेली आहेत आणि दवाखान्यात डॉक्टर नाही, तेथे एकाच रोगाची लस घेऊन सरकार पुन्हा पुन्हा दारात का येते? वारंवार थेंब घेऊनही एखाद्या मुलाला पोलिओ झाल्यास संशय अधिक वाढत असे.

या शेवटच्या शंकेमागे वैद्यकीय तथ्य होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तीनही प्रकारांविरुद्धच्या लसीची एक मात्रा प्रकार १ विरुद्ध उत्तर प्रदेशात सुमारे ९ टक्के, तर उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के संरक्षण देत होती. दाट वस्ती, अस्वच्छता आणि आतड्याचे अन्य संसर्ग यांच्याशी या फरकाचा संबंध जोडला गेला. अनेक मात्रा का लागतात, याचे हेच उत्तर होते. परंतु ते पालकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांच्याशी सविस्तर बोलणारी व्यक्ती आवश्यक होती.

सामाजिक संघटन जाळे

२००१ पासून उत्तर प्रदेशात युनिसेफ आणि कोअर गट यांच्या साहाय्याने सामाजिक संघटनाचे जाळे उभारण्यात आले. पुढे ते बिहारमध्येही विस्तारले. यात जोखमीच्या वस्त्यांत हजारो संघटकांची नेमणूक झाली. बहुतांश संघटक त्याच वस्तीतील स्त्रिया होत्या. प्रत्येकीकडे काहीशे घरांची जबाबदारी असे. गर्भवती स्त्रिया, नवजात बालके आणि पाच वर्षांखालील मुले यांची नोंदवही ठेवणे, फेरीपूर्वी मातांच्या सभा घेणे आणि नकार देणाऱ्या घरी पथकाबरोबर जाणे ही त्यांची कामे होती. अनेक घरांत परक्या पुरुष कर्मचाऱ्यास प्रवेश नसे. ओळखीच्या स्त्रीला तो मिळत असे आणि घरातील वडीलधाऱ्यांशी तिला बोलता येई.

२००३ पासून दुर्लक्षित समुदायांसाठी स्वतंत्र धोरण आखले गेले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांचे त्यास साहाय्य झाले. उलेमा, इमाम आणि मदरशांतील शिक्षकांशी चर्चा करून त्यांची आवाहने छापण्यात आली. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून फेरीची घोषणा होऊ लागली. स्थानिक डॉक्टर, रेशन दुकानदार आणि शाळकरी मुलांच्या गटांनाही या कामात सामावून घेतले गेले.

१०७ ब्लॉक योजना

२००९ मध्ये सर्वाधिक जोखमीचे १०७ विकासगट निश्चित करण्यात आले. त्यांपैकी ६६ पश्चिम उत्तर प्रदेशात आणि ४१ बिहारमध्ये होते. या गटांत पोलिओ लसीबरोबर हात धुणे, स्तनपान, अतिसारात जलसंजीवनी व झिंकचा वापर आणि नियमित लसीकरण यांविषयीही लोकशिक्षण सुरू झाले. त्यामुळे 'केवळ पोलिओच का' या आक्षेपाला काही अंशी उत्तर मिळाले. बिहारमधील कोसी नदीच्या पूरप्रवण खोऱ्यात रस्ते नसल्याने पथके होडीने व पायी जात. त्यांच्या मुक्कामासाठी आणि लस थंड ठेवण्यासाठी तेथे तात्पुरती केंद्रे उभारण्यात आली.

स्थलांतरित कुटुंबे

वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्या जमातींचे तळ आणि झोपडपट्ट्या यांची स्वतंत्र यादी करण्यात आली. रेल्वे स्थानके, बसस्थानके, जत्रा आणि धावत्या गाड्यांमध्ये लस देण्यासाठी ट्रान्झिट पथके नेमली गेली. छटपूजेसारख्या सणांसाठी गावी परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांना प्रवासातच गाठण्याचा प्रयत्न झाला.

सर्वेक्षण

१९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प स्थापन केला. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आल्यास त्याची नोंद करणे आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवणे ही यातील मूळ पद्धत आहे. सरकारी रुग्णालयांबरोबर खाजगी डॉक्टर, वैदू आणि भोंदू मानले जाणारे उपचारकही माहिती देणाऱ्यांच्या यादीत घेतले गेले, कारण अनेक पालक प्रथम त्यांच्याकडेच जात. विषाणूच्या जनुकीय तपासणीमुळे तो कोणत्या भागातून आला, हेही समजू लागले.

महाराष्ट्रातील मोहीम

महाराष्ट्रात बूथच्या दिवसानंतर सामान्यतः ग्रामीण भागात तीन आणि शहरी भागात पाच दिवस घरोघरी भेटी दिल्या जातात. आरोग्य सेविका, आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि स्वयंसेवक पथकांत काम करतात. ऊसतोड कामगारांचे तळ, वीटभट्ट्या आणि बांधकाम मजुरांच्या वस्त्यांसाठी फिरती पथके असतात.

मुंबईचे या मोहिमेत दुहेरी महत्त्व होते. उत्तर प्रदेश व बिहारशी स्थलांतराने जोडलेल्या या शहरात २००१ पासून सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओ विषाणूचा शोध घेतला जाऊ लागला. लुळेपणाचा रुग्ण नसतानाही विषाणू शहरात आला आहे का, हे त्यामुळे कळत असे. मुंबईच्या सांडपाण्यात नैसर्गिक विषाणू शेवटचा नोव्हेंबर २०१० मध्ये आढळला. परळ येथील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र हे नमुन्यांच्या तपासणीचे प्रमुख केंद्र राहिले, तर मुंबईतीलच हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने पोलिओ लसीचा पुरवठा केला.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका केंद्रावर पाच वर्षांखालील बारा बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब देण्यात आले. बालकांना रुग्णालयात दाखल करून उपचार करण्यात आले आणि प्रशासनाने संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई केली. या घटनेमुळे मोहिमेतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा प्रश्न चर्चेत आला.

निर्मूलन

पोलिओ विषाणूचे तीन प्रकार आहेत. प्रकार २ चा नैसर्गिक विषाणू जगात शेवटचा १९९९ मध्ये उत्तर प्रदेशातील अलीगढ येथे आढळला. २००५ पासून उरलेल्या प्रकारांसाठी एकाच प्रकाराविरुद्धची लस आणि जानेवारी २०१० पासून प्रकार १ व ३ या दोहोंविरुद्धची लस वापरात आली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ती संख्या ४२ झाली आणि २०११ मध्ये एकच रुग्ण आढळला. प्रकार ३ चा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर २०१० मध्ये झारखंडमधील पाकुड जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताचे नाव पोलिओचा स्थानिक प्रसार असलेल्या देशांच्या यादीतून वगळले.

निर्मूलनानंतर

शेजारील पाकिस्तान आणि अफगाणिस्तानमध्ये नैसर्गिक विषाणूचा प्रसार चालू राहिल्याने भारतात लसीकरणाच्या फेऱ्या बंद झालेल्या नाहीत. मात्र त्यांची संख्या कमी करण्यात आली असून जोखमीच्या राज्यांत उपराष्ट्रीय फेऱ्या होतात. २०१४ पासून पोलिओग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांना लस घेणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये इंजेक्शनद्वारे द्यावयाची निष्क्रिय पोलिओ लस नियमित लसीकरणात समाविष्ट झाली. २५ एप्रिल २०१६ रोजी तीनही प्रकारांविरुद्धची तोंडावाटे देण्याची लस देशभर थांबवून दोन प्रकारांविरुद्धची लस सुरू करण्यात आली. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात निष्क्रिय लसीची तिसरी मात्रा दिली जाते.

२०२४ मध्ये मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात एका बालकात लसजन्य पोलिओ विषाणू आढळला. हा नैसर्गिक विषाणू नसल्याने भारताचा पोलिओमुक्त दर्जा कायम राहिला.

टीका आणि मर्यादा

एकाच रोगावर मनुष्यबळ केंद्रित झाल्याने नियमित लसीकरण आणि प्राथमिक आरोग्य सेवेकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका अनेक सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांनी केली. निर्मूलनाची मुदत प्रारंभी २००० सालची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. वारंवार होणाऱ्या फेऱ्यांमुळे कर्मचारी आणि कुटुंबे दोघेही थकत. आशा सेविका व स्वयंसेवकांना मिळणाऱ्या अल्प मानधनाबद्दलही आक्षेप घेण्यात आले.

तोंडावाटे दिलेल्या लसीतील विषाणूमुळे क्वचित प्रसंगी लुळेपणा येऊ शकतो. पहिल्या मात्रेच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २७ लाखांत एक इतके अल्प मानले जाते. मात्र अशा मुलांसाठी आणि पूर्वी पोलिओ झालेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी मोहिमेच्या तुलनेत फारच थोडी तरतूद झाली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

प्रभाव

मोहिमेतील सूक्ष्म आराखडे, जोखमीच्या वस्त्यांच्या याद्या आणि नवजात बालकांच्या नोंदी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष या कार्यक्रमासाठी आधार ठरल्या. अर्धवट लसीकरण झालेली वा मुळीच लस न मिळालेली मुले शोधणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. गोवर-रुबेला लसीकरणासाठीही पोलिओ सर्वेक्षणाचे जाळे उपयोगात आणले गेले. नकार नोंदवताना त्याचे कारण विचारणे आणि त्याच वस्तीतील व्यक्तीमार्फत त्याचे उत्तर देणे, ही पद्धत आरोग्यविषयक लोकशिक्षणाच्या अभ्यासात या मोहिमेचे महत्त्वाचे योगदान मानली जाते.

हे सुद्धा पहा

पोलिओ
सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम
मिशन इंद्रधनुष
आशा सेविका
देवी रोगाचे निर्मूलन